गाडीच्या आरसीवरून घराची पात्रता ठरवू नका

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण
मा. उपाध्यक्ष, म्हाडा

सप्रेम नमस्कार,

तुम्हा तिघांना एकाच पत्रात लिहितेय कारण विषय तुमच्या तिघांच्या मधला आहे. एकाकडे राज्यातल्या प्रत्येक गाडीची नोंद आहे, बाकी दोघांच्या हातात मुंबईत कुणाला घर मिळणार आणि कुणाला नाही हे आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकांना जोडा अशी मागणी आता लोकांमधूनच यायला लागलीय. मी कुर्ल्यात राहते, आमच्या भागात पुनर्विकासाच्या मिटिंगा चालू असतात, तिथे लोकांचे कागद लावून देणं, अर्ज लिहून देणं, अपिलाची तारीख कधी आहे ते सांगणं असं काम मी करते. जवळजवळ प्रत्येक मिटिंगमध्ये कुणीतरी उठून बोलतं की ज्यांच्या दारात फोर व्हीलर उभी आहे ते कसले झोपडीवाले, आरटीओकडून लिस्ट मागवा आणि नावं उडवा. टाळ्या पडतात. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांमध्येच असे चार-पाच जण बसलेले असतात की अशी लिस्ट आली तर पहिलं नाव त्यांचंच जाईल आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

हे काही हवेतलं बोलणं नाही, रस्ता आधीच पडलाय. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा जीआर २८ जून २०२४ चा, त्यात अट होती की कुटुंबात कुणाच्या नावावर चारचाकी असेल (ट्रॅक्टर सोडून) तर ती बाई अपात्र. सुरुवातीला हमीपत्रावर काम झालं, मग २०२५ च्या सुरुवातीला परिवहन विभागाच्या नोंदींवरून याद्या निघाल्या आणि अंगणवाडी सेविकांना त्या याद्या हातात देऊन घरोघरी पाठवलं. त्या बिचाऱ्या ज्या गल्लीत रोज जातात तिथेच जाऊन विचारत होत्या, ताई तुमच्या घरी गाडी आहे का. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने ५ लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं, त्यातल्या १ लाख ६० हजारांच्या गटात गाडीवाल्या कुटुंबातल्या, दुसऱ्या एका योजनेचा लाभ घेणाऱ्या आणि स्वतःहून नाव मागे घेतलेल्या अशा सगळ्या एकत्र मोजलेल्या. म्हणजे नुसत्या गाडीमुळे किती जणी गेल्या आणि त्यातल्या किती चुकून गेल्या हे त्या आकड्यावरून कळायला मार्गच नाही.

तिथे प्रश्न महिन्याच्या १५०० रुपयांचा होता. ती रक्कम गरीब घरात छोटी नसते, पण चूक लक्षात आली तर हप्ता परत चालू करता येतो. घराचं तसं नाही. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीवाल्यांपैकी कोण पात्र आणि कोण अपात्र याच्या यादीत, नावापुढे "अपात्र" लागलं की भाडं मिळत नाही, बाकीची वस्ती रिकामी होते, आजूबाजूची घरं तुटतात, लाईट-पाणी जातं आणि तो माणूस अपिलाच्या फाईली घेऊन वांद्र्याला फेऱ्या मारत बसतो. अपील जिंकला तरी मधली वर्षं कोण भरून देणार.

आधी हे सांगते की लोकांचा राग खोटा नाहीये. रिहॅब बिल्डिंगच्या खाली रात्री जाऊन बघा, अॅम्ब्युलन्स आत यायची म्हटली तर आधी दहा जणांना झोपेतून उठवून गाड्या काढायला लावावं लागेल. अत्यल्प उत्पन्न गटात घर लागलेला माणूस महागड्या गाडीतून उतरताना दिसला की संक्रमण शिबिरात म्हातारा झालेला माणूस काय म्हणणार? ज्यांनी खोटे दाखले लावून घरं घेतली, ज्यांनी एकाच कुटुंबात तीन-तीन गाळे लाटले, त्यांना पकडायलाच पाहिजे आणि कडक पकडायला पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण त्याच बिल्डिंगखालच्या गाड्या नीट बघितल्या तर त्यातल्या बऱ्याच पिवळ्या पाटीच्या निघतात. टॅक्सी, टेम्पो, शाळेच्या व्हॅन. ती गाडी म्हणजे त्या घरातली चूल आहे हो, त्यांची श्रीमंती नाही. लिस्टमध्ये मात्र ती एक चारचाकी म्हणूनच दिसणार.

आता मुद्द्याची गोष्ट. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, पात्रतेत तुम्ही किती कमावता हा प्रश्नच नाहीये. १ जानेवारी २००० च्या आधीपासून त्या झोपडीत राहत असल्याचं सिद्ध करा, घर फुकट. त्यानंतरचे, १ जानेवारी २०११ पर्यंतचे असाल तर अडीच लाख रुपये भरून घर. बघितलं काय जातं, तर वोटर लिस्ट, लाईट बिल, फोटोपास म्हणजे झोपडीवाल्याचं ओळखपत्र, दुकान असेल तर गुमास्ता परवाना, आणि आज तिथे प्रत्यक्ष कोण राहतंय. १९९५ साली ही योजना उभी राहिली तीच या हिशोबावर की जमिनीवर जो बसलाय त्याला तिथेच पक्कं घर आणि त्याच्या बदल्यात बिल्डरला विकायला जादा बांधकाम. त्यात गरिबीची परीक्षा नव्हती. ती असायला हवी होती का, यावर वाद घाला, विधानसभेत घाला, कायदा बदला. पण नियमात जी अट नाहीये ती आरटीओच्या लिस्टमधून मागच्या दाराने आत आणू नका.

म्हाडाचं वेगळं आहे, तिथे उत्पन्नाची अट आहे. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्याच्या वर उच्च. उत्पन्न दाखवायला इन्कम टॅक्स रिटर्न नाहीतर तहसीलदाराचा दाखला लागतो. वर्षाला साडेआठ लाख कमावणाऱ्या कुटुंबाने हप्त्यावर सेकंडहॅण्ड वॅगनआर घेतली तर ते कुठल्या नियमात चुकले? कुठल्याच नाही. अल्प गटात ते बरोबर बसतात. पण एकदा का कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे गाडीची खूण आली की फाईल बाजूला पडणार, बाजूला पडलेली फाईल परत वर आणायला काय काय करावं लागतं हे मी सांगायची गरज नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याचं उत्पन्न तपासा ना, उत्पन्न तपासायचे कागद वेगळे आहेत आणि ते तुम्ही आधीच मागता.

गाडीची अट लावून नंतर मागे घ्यावी लागल्याचं उदाहरण पण आपल्या समोर आहे. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत आधी घरात साधी टू व्हीलर असली तरी नाव कटायचं. २०२४ मध्ये ती अट काढावी लागली, कारण खेड्यात सुद्धा मोटरसायकल म्हणजे आता कामाला जायचं साधन झालंय.

आणि आता आरसीबद्दल, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाबद्दल, कारण मला वाटतं सगळी गडबड इथेच आहे. आरसीवरचं नाव म्हणजे गाडीचा मालक असं आपण धरून चालतो. कायदाही तसंच धरतो, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अपघाताच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलं की गाडी विकली असेल तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक, भरपाई त्याच्यावर. अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, त्याने मालक शोधत कुठे फिरायचं. पण घर द्यायचं की नाही हे ठरवताना तेच नाव घेऊन चालत नाही, कारण मुंबईत आरसीवरचं नाव आणि गाडीतला माणूस यांची गाठ कधी पडेलच असं नाही.

एक उदाहरण सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एक जण आहे, बरीच वर्षं एका सेठकडे ड्रायव्हर होता. सेठने एक गाडी याच्या नावावर घेतली, लोनच्या का टॅक्सच्या कसल्यातरी भानगडीत, याला सांगितलं सही कर, याने केली. नोकरी ठेवायची असेल तर माणूस सही करतोच. नोकरी सुटली, सेठ कुठे गेला माहीत नाही, गाडी कुठे आहे माहीत नाही, चलन मात्र याच्या मोबाईलवर येतात. मी त्याचे कागद बघितले, एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात लाईट बिलं वर्षाप्रमाणे लावून रबर घातलेली, फोटोपास लॅमिनेट केलेला, आणि सगळ्यात खाली त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घडी घालून घालून फाटायला आलेली. १९९० च्या दशकापासूनचे पुरावे आहेत त्याच्याकडे, एकही वर्ष सुटलेलं नाही. पण उद्या तुमची लिस्ट आली तर हा माणूस एका एसयूव्हीचा मालक आहे.

असे किती प्रकार सांगू. गाडी विकली, घेणाऱ्याला नाव बदलायचे फॉर्म २९-३० सही करून दिले, त्याने ट्रान्स्फर केलीच नाही, पुढे अजून दोघांना विकली. कायद्यात विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि बाहेर ४५ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत, असं सगळं लिहिलंय, पण सही केलेले कोरे फॉर्म एजंटच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात हे परिवहन विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काळी-पिवळीची गोष्ट अजून वेगळी, परमिट आणि आरसी एकाच्या नावावर, दिवसपाळी दुसरा चालवतो, रातपाळी तिसरा, मालक गावी. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, त्याच्या आधी कितीतरी टॅक्स्या भंगारात गेल्या असतील, पण ज्याने भंगारात देताना नोंदणी रद्द करून घेतली नाही त्याच्या नावावर ती गाडी कागदोपत्री अजून उभी असू शकते. वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर राहिली हे तर घरोघरी आहे. एचएसआरपी नंबर प्लेटच्या वेळेला, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बसवायचं सुरू झालं तेव्हा, आमच्याकडे किती जण धावत आले की रेकॉर्डला मोबाईल नंबर जुना आहे, ओटीपी जातोय कुठे ते कळत नाही. अशा रेकॉर्डवरून घराचा निर्णय?

पत्त्याचं तर विचारूच नका. कोकणातला माणूस मुंबईत तीस-तीस वर्षं राहतो पण गाडी घेतो गावच्या पत्त्यावर, एमएच-०८ नाहीतर एमएच-०७, कारण गावी जागा आहे, भाऊ आहे, गणपतीला आणि मे महिन्यात गाडी तिथेच लागते. सातारा-कोल्हापूरवाल्यांचंही तेच. आता या नोंदी एसआरएकडे गेल्या तर त्यातून काय दिसणार? की हा माणूस रत्नागिरीला राहतो. आणि ज्या योजनेत "तू इथे राहतोस हे सिद्ध कर" हीच मुख्य अट आहे तिथे असा एक कागद माणसाला बाहेर काढायला पुरेसा आहे. उलट ज्यांनी झोपडीचाच पत्ता दिलाय त्यांचा पत्ता आरसीवर मावत नाही. रूम नंबर, चाळ कमिटी, अमुक मशिदीच्या मागे, तमुक कंपनीच्या समोर, असं लिहिता लिहिता ओळ संपते आणि अर्धा पत्ता कापला जातो, उरतं काय तर कुर्ला पश्चिम, ४०००७०. त्या पिनकोडमध्ये एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसं किती असतील? जाधव, शिंदे, शेख, खान, यादव. इंग्रजीत शेख तीन प्रकारे लिहितात, सावंत दोन प्रकारे. कॉम्प्युटर कुणाला कुणाशी जोडेल याचा भरवसा कोण देणार?

आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये, हे झालंय. तेलंगणात समग्र वेदिका नावाची सरकारी यंत्रणा आहे, वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी, त्यात गाड्यांच्याही, एकत्र जोडून कोण गरीब आणि कोण नाही हे ती सांगते. तिच्यावर विसंबून रेशन नाकारलं गेलं आणि त्यात एका रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या कुटुंबाचं नाव गेलं, कारण त्याच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या माणसाकडे कार होती. तिथे सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली होती, शेवटी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा पडताळणी करा. आधी कार्ड रद्द केलं आणि मग घरी जाऊन बघितलं, हा क्रमच उलटा आहे. आणि त्या कुटुंबाचा घास गेला तो एवढ्यावरच की सिस्टीममध्ये गाडी दाखवतेय.

एकदा नोंद बाहेर गेली की ती कुठे कुठे जाते हेही आपण बघितलंय. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये वाहन (गाड्यांच्या नोंदी) आणि सारथी (लायसन्सच्या नोंदी) या दोन्ही डेटाबेसची माहिती घाऊक द्यायचं धोरण आणलं, खासगी कंपन्यांना वर्षाला ३ कोटी रुपयांत. त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेत सांगितलं गेलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती मिळते आणि त्यातून ६५ कोटी मिळालेत. जून २०२० मध्ये लोकांच्या प्रायव्हसीचं कारण देऊन तेच धोरण रद्द केलं. जी माहिती दिली गेली ती परत कशी घेणार, तो प्रश्न तसाच. मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनीच लोकसभेत सांगितलं की दिल्लीच्या दंगलीतले चेहरे ओळखायला सॉफ्टवेअरमध्ये वोटर आयडी आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा डेटा टाकला होता. दंगल करणारे पकडले पाहिजेतच, मी म्हणतेय ते एवढंच की लायसन्सला फोटो देताना कुणाला हे माहीत नव्हतं. अमेरिकेत १९८९ साली एका अभिनेत्रीचा तिच्या घराच्या दारात खून झाला, मारणाऱ्याने तिचा पत्ता गाड्यांच्या सरकारी नोंदीतून काढून घेतला होता, त्यानंतर १९९४ मध्ये तिथे गाडी आणि लायसन्सच्या नोंदी कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही यावर स्वतंत्र कायदाच झाला.

मुंबईत तर मला याच्याहून जवळची भीती आहे आणि ती बिल्डरची आहे. स्पष्ट लिहिते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेला आता ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. वस्तीत सर्व्हे होतो तेव्हा टेबलावर कोण कोण बसलेलं असतं, यादीची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लागायच्या आधी कुणाच्या खिशात असते, हे वस्तीतल्या लहान पोराला विचारा. उद्या गाड्यांची लिस्ट अशीच फिरायला लागली तर ती पात्रता तपासायला नाही, संमती काढायला वापरली जाईल. सही देत नाहीस काय, तुझ्या नावावर गाडी आहे, बघ कसा अपात्र होतोस ते. विरोध करणाऱ्या दहा जणांना गप्प बसवायला एवढं पुरतं, आणि याच्या विरोधात तक्रार कुणाकडे करणार, काहीच लेखी नसतं. आरसीच्या पूर्ण नोंदीत नुसतं नाव नसतं, कुठल्या बँकेचं कर्ज आहे, इन्शुरन्स कधी संपतोय, चलन कुठल्या रस्त्यावर कधी लागलं, सगळं एका गाडी नंबरला जोडलेलं असतं. एमपरिवहन ॲपवर मालकाचं नाव निम्मं झाकून दाखवता ते उगाच नाही ना? मग तेच अख्खं नाव पेन ड्राईव्हवर टाकून दुसऱ्या ऑफिसला देऊ नका.

कायद्याचं मला जेवढं कळतं तेवढं सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा पाहिजे, खरोखरची गरज पाहिजे आणि जेवढी गरज तेवढंच पाऊल पाहिजे. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातला मोठा भाग १८ महिन्यांनी लागू व्हायचा आहे. त्या कायद्यात सरकारी लाभ देण्यासाठी सरकारला आपली माहिती वापरायची बरीच मोकळीक आहे, हे मला माहीत आहे, तुमचे विधी अधिकारी ते दाखवतीलच. पण त्याच नियमांमध्ये हेही लिहिलंय की काम असेल तेवढीच माहिती घ्या, ती अचूक असेल असं बघा, काम संपलं की ठेवू नका, आणि त्या माणसाला कुणाशी बोलायचं ते कळवा. लागू व्हायची वाट कशाला बघता, आजच पाळा की.

मग काहीच करू नका असं म्हणतेय का? नाही. ज्या प्रकरणात खरंच संशय आहे, म्हणजे म्हाडाच्या अत्यल्प गटात अर्ज आहे आणि तक्रार लेखी आली आहे, तिथे त्या एका अर्जापुरतं विचारा. अख्खी लिस्ट मागवू नका. परिवहन विभागाने उत्तर फक्त एवढं द्यावं की या नावाने, या आधारशी जुळणारी, चालू नोंदणीची खासगी गाडी आहे की नाही. पत्ता नको, बँक नको, चलन नको. "आहे" असं उत्तर आलं तर त्याने फक्त एक प्रश्न उभा राहतो, निर्णय होत नाही. त्या माणसाला मराठीत, ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला त्याच्या भाषेत, लेखी नोटीस द्या, गाडीचा नंबर काय, नोंद कधीची, हे त्यात लिहा, आणि तो काय सांगतोय ते ऐकायला पुरेसा वेळ द्या. विकली असेल तर तो सांगेल कुणाला विकली. सेठची असेल तर सांगेल. त्याचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या अधिकाऱ्याने सही करून कारण लिहावं, "सिस्टीमनुसार अपात्र" असं लिहिलेलं चालणार नाही. आणि परिशिष्ट-२ मध्ये, जिथे उत्पन्नाची अटच नाही, तिथे गाडीची नोंद घेऊच नका. यातलं जे काही करायचं ते जीआर काढून, उघड, वेबसाईटवर टाकून करा. दोन ऑफिसमधल्या आपसातल्या पत्रावर करू नका, नाहीतर आम्हाला ते आरटीआय टाकून शोधावं लागेल, आणि तोपर्यंत वस्ती तुटलेली असेल.

आता परिवहन आयुक्तांना एक वेगळं मागणं, आणि माझ्या दृष्टीने या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या रेकॉर्डचा झोपडीवाल्याला खरा उपयोग आहे, पण तो उलट्या बाजूने. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीच्या काठाने कुर्ला, कलिना, बैल बाजार, क्रांतीनगर सगळीकडे घरात पाणी छताला लागलं. पत्र्याच्या पेट्या, त्यातली लाईट बिलं, शाळेचे दाखले, रेशनकार्डं, सगळ्याचा लगदा झाला. त्या लोकांकडे आज २००० च्या आधीचा पुरावा नाहीये, राहत होते हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे पण कागद नाही, म्हणून ते परिशिष्ट-२ मध्ये "अनिर्णित" नाहीतर "अपात्र" म्हणून लटकलेत. त्यातले कितीतरी जण ड्रायव्हर आहेत. टॅक्सीचा बॅज, रिक्षाचा बॅज, जड वाहनाचं लायसन्स, नव्वदच्या दशकात काढलेलं, त्यावर झोपडीचाच पत्ता होता. ती नोंद आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्ये असायला हवी. आमच्या इथले एक टॅक्सीवाले काका त्यासाठी गेले होते, त्यांना सांगितलं जुनं लायसन्स घेऊन या मग शोधतो. अहो, जुनं लायसन्स पुरात गेलं म्हणून तर ते तुमच्याकडे आले.

म्हणून माझी विनंती आहे की मुंबईतल्या चारही आरटीओत, ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली, एक खिडकी अशी ठेवा जिथे माणूस स्वतः येऊन अर्ज करेल की माझ्या २००० च्या आधीच्या लायसन्सची किंवा बॅजची नोंद पत्त्यासकट काढून द्या. रजिस्टर शोधा, जे रजिस्टर वाळवी लागायच्या बेतात असेल ते आधी स्कॅन करा, आणि सहीशिक्क्याची प्रत त्याच्या हातात द्या, एसआरएकडे परस्पर पाठवू नका. कुठे लावायची, लावायची की नाही, ते तो ठरवेल. आणि एसआरएने असं परिपत्रक काढावं की आरटीओच्या सहीशिक्क्याची ही प्रत वास्तव्याचा पुरावा म्हणून घेतली जाईल, सक्षम प्राधिकाऱ्याकडेही आणि अपिलातही.

आमच्याकडे आत्ता अपिलं चालू आहेत, काकांची तारीख पण लागलेली आहे. त्यांचा बॅज नंबर त्यांना तोंडपाठ आहे. तुमच्यापैकी कुणीही या पत्राला उत्तर देणार असाल तर ते लेखी द्या, म्हणजे ते मला त्यांच्या फाईलला जोडता येईल.

आपली नम्र,
कुर्ल्यातली एक रहिवासी